खालच्याचा हात

गोदीत तिला सगळे वरची म्हणायचे, कारण ती कायम वर असायची. सकाळी शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये बसली की पाळी संपेपर्यंत उतरणं नाही. खाली, जहाजाच्या सांगाड्याजवळ, तिला हाताने खुणा करणारा माणूस उभा असे. त्याला ओघानेच खालचा म्हणू लागले. वरचीला वरून ओझं दिसे, पण ते नेमकं कुठे टेकतंय ते दिसत नसे. ते खालचा बघायचा. त्याने बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड, मूठ आवळली की थांब. तोंडाचा उपयोग नव्हता. हातोड्यांच्या दणदणाटात कुणाला काही ऐकू येत नसे. दोघांची उमेदीची सगळी वर्षं अशी गेली आणि त्यांच्या क्रेनचं ओझं कधी कुणाच्या अंगावर आलं नाही. लोक नशीब म्हणत. त्यात नशिबाचा काही भाग नव्हता. दोघंही अंग चोरत नसत, एवढंच.

निवृत्तीनंतर वरचीचे गुडघे गेले आणि खालच्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जिभेवर शब्द अडखळू लागले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, हात रोज वर उचलला तर परत येईल, नाहीतर कायमचा जाईल. त्यांनी एक रबरी चेंडू दिला. खालच्याने तो एकदा दाबला आणि पलंगाखाली सोडून दिला.

वहिनी, म्हणजे खालच्याची बायको, रडकुंडीला आली. "तुम्ही तरी सांगा हो त्यांना. माझं ऐकतील तर शपथ!"

वरची त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "अहो खालचे, नुसतं बोट वर करायचंय. मला खूण करा बघू, उचल म्हणून."

खालच्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला चोरी करायला सांगितली होती. "रि...कामा हूक," तो म्हणाला. "नाही."

हुकाला ओझं नसताना खूण करायची नाही, हा गोदीतला पहिला धडा. गंमत म्हणून खोटी खूण करणाऱ्यांना खालच्यानेच पाळीवरून हाकललं होतं. जन्मभर पाळलेलं तो एका चेंडूपायी मोडणार नव्हता.

म्हणजे ओझं आणायला हवं होतं.

ते वरचीकडे होतं. तिच्या लेकीने तिला कॉम्प्युटरवर क्रेनचा एक खेळ घेऊन दिला होता. खेळांचं मोठं ऑनलाइन दुकान, तिथे वरचीच्या नावाचं खातं, खात्यात हा एकच खेळ. नदीवर पूल बांधायचा. खांब उभे करायचे, लोखंडी तुळया उचलून त्यांवर ठेवायच्या. वरचीने खालच्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडलं, तुळई उचलली आणि खांबापर्यंत नेली. खांबामागचं टोक तिला खरोखरच दिसत नव्हतं.

"दिसत नाही हो मला," ती म्हणाली. "टेकेल की आपटेल?"

खालचा पुढे वाकला. पडद्याच्या कोपऱ्यात खांबामागची बाजू दाखवणारं छोटं चित्र होतं, वरचीच्या नजरेला न झेपणारं; डोकं तिरकं करून ते त्याने न्याहाळलं. मग त्याचा उजवा हात मांडीवरून वीतभर उठला आणि बोट खाली वळलं. सोड.

वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हापासून वरची रोज दुपारी काठी टेकत त्याच्याकडे जाऊ लागली. पूल पुढे सरकत होता आणि हातही. आधी पोटापर्यंत, मग छातीपर्यंत. घामाने सदरा भिजे, पण तुळई हवेत असताना खालच्याने हात खाली घेतला नाही.

ही गोष्ट गोदीतल्या जुन्या टोळीत पसरली. वेल्डर परदेशात मुलाकडे राहायला गेला होता, रंगारी दुसऱ्या गावी, एक फिटर आणखी तिसरीकडे. सगळ्यांना खालच्याच्या पुलाला हात लावायचा होता. वरचीने काय करावं? गोदीत केबिनची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लटकायची. ज्याची पाळी, त्याने घ्यायची. किल्ली खिशात घालून घरी नेणारा माणूस टोळीतून उठायचा. वरचीने टोळीच्या ग्रुपवर खात्याचा पासवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, 'किल्ली खिळ्यावर आहे.'

दुसऱ्या दिवशी एकाच खात्यातून वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या देशांत तुळया उचलल्या गेल्या. दुकानाच्या यंत्राने ते पाहिलं आणि खातं बंद केलं.

दुपारी पडद्यावर पुलाऐवजी दोन ओळी होत्या. खात्यात संशयास्पद हालचाली आढळल्या आहेत. मदत केंद्राशी संपर्क साधा.

"संशयास्पद!" वरची म्हणाली. "आपला वेल्डर?"

खालच्याने हात मांडीवर ठेवला.

वरची घरी येऊन कॉम्प्युटरपुढे बसली. तिचा नवरा शिंपी. बाहेरच्या खोलीत त्याचं मशीन चालू असे आणि तोंडही. मदत केंद्रात शिरण्याआधी, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, असं पडद्यावर आलं. खाली चौकोनी चित्रं होती. ज्यांत क्रेन आहे ती निवडा. वरचीने निवडली. चूक. पुन्हा निवडली. पुन्हा चूक.

शिंपी मशीन थांबवून मागे येऊन उभा राहिला. "जन्म क्रेनवर काढलास आणि क्रेन ओळखता येईना?"

"त्या कोपऱ्यातल्या चित्रात नुसता खांब आहे. वरचा आडवा दांडाच नाही. ती काय क्रेन आहे?"

"त्याला वाटतं ना क्रेन, मग म्हण क्रेन. गिऱ्हाईक म्हणतं तेवढीच कंबर मापायची." त्याने माउस ओढून घेतला आणि ते चित्र दाबलं. दार उघडलं.

वरचीने सगळं लिहिलं. खेळ माझा, लेकीने घेऊन दिलेला, चूक माझी, पासवर्ड मी दिला. आजारी माणसाचा हात यावर अवलंबून आहे. पुन्हा कुणाला देणार नाही. उत्तर लगेच आलं. आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत.

"मी संयम दाखवलाच कुठे?" वरची म्हणाली. "आभार कसले मानतोस?"

मग मालकीचा पुरावा मागितला. तिने लेकीकडून पावती मागवून पाठवली. उत्तर आलं, पासवर्ड विसरला असल्यास इथे दाबा. तिने लिहिलं, विसरले नाही, तोच तर घोटाळा आहे. उत्तर आलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? दुकानाचा फोन नंबर कुठे दिलेलाच नव्हता. वरची रोज सकाळी, अंगण झाडून झालं की, बसायची आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायची. राग येई, पण रागावून काम सोडायची तिला सवय नव्हती. अडकलेला हूक हिसडे देऊन सुटत नाही. दोरी जरा सैल सोडायची, दुसऱ्या बाजूने ओढून बघायचं. तिने दुकानाची प्रत्येक खिडकी ठोठावून पाहिली.

दुपारी ती खालच्याकडे जातच राहिली. पण हात मांडीवरून हलत नव्हता. बोटं आत वळायला लागली होती. वहिनी ती एकेक करून सरळ करी, आणि ती परत मिटत.

"दुसरं काही नाही का चालणार?" वहिनीने दारात विचारलं. "व्यायामाच्या बाई म्हणाल्या, आता ढिलाई झाली तर हात आखडेल तो आखडेलच."

"चालेल. ओझं खरं पाहिजे."

शेवटी एकदा खरंच कुणी माणसाने लिहिल्यासारखं उत्तर आलं. निर्णय अंतिम आहे. खात्यातला खेळ तुम्ही विकत घेतलेला नव्हता. तो वापरण्याची परवानगी घेतली होती, ती रद्द झाली आहे. वरचीने ते मोठ्याने वाचलं.

"म्हणजे विकलंच नाही?" शिंपी म्हणाला. "मी असं केलं असतं तर? सदरा शिवून द्यायचा आणि गिऱ्हाईक लग्नाला निघालं की अंगावरून उतरवून घ्यायचा!"

वरचीने नवं खातं उघडून पाहिलं. बंद खात्याला जोडलेला म्हणून तिचा फोन नंबर नाकारला गेला. लेक म्हणाली, माझ्या नावाने घेते. वरची म्हणाली, "नको. उद्या तुझंही बंद करतील आणि मी परत दारात उभी. ज्याची किल्ली माझ्या हातात राहील तेच आणायचं."

बाजारामागच्या गल्लीत जुने कॉम्प्युटर विकणारा एक दुकानदार होता. वरची काठी टेकत तिथे पोचली. "क्रेनचा खेळ हवा. सीडीच्या तबकडीवरचा. नेट न लागणारा."

दुकानदार हसला. "मावशी, आता असं कोण घेतं?"

"मी. आहे का सांग."

त्याने माळ्यावरून धुळीने भरलेलं खोकं काढलं. आतल्या डब्यांच्या तळाशी एक जुना खेळ निघाला. झाकणावर पिवळी क्रेन.

"चित्रं ठोकळ्यासारखी आहेत हं. आणि तबकडी चालवायला जुनं यंत्र लागेल."

"तेही दे. नेट नसलं तरी चालेल ना?"

"नेट काय, माझं दुकान बंद पडलं तरी चालेल."

यंत्र हातगाडीवर घालून शिंप्याने खालच्याच्या घरापर्यंत ढकललं. वाटभर तो कुरकुरला, पण गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही.

खालच्याने ठोकळ्यासारखी क्रेन पाहिली आणि तोंड फिरवलं.

"पूल गेला," वरची म्हणाली. "परत मिळत नाही. मी सगळं करून पाहिलं. आता पहिल्या खांबापासून. तुम्ही नसलात तर मी एकटी आपटत बसेन, माझं काय."

तिने तुळई उचलली. हा खेळ जुना आणि अडाणी होता. कोपऱ्यातलं छोटं चित्रसुद्धा नव्हतं. वरचीने अंदाजाने तुळई सोडली. ती टेकली. भोंगा वाजला, पडद्यावर 'शाबास' झळकलं.

"वा...कडी," मागून आवाज आला.

"खेळ म्हणतोय बरोबर आहे."

"खेळ... गाढव." खालचा काठीच्या आधाराने उठून पडद्याशेजारी आला. खांबाची कड नीट दिसेल इतकं जवळ वाकून त्याने पाहिलं. एका बाजूला बोटभर फट होती. त्याचा उजवा हात उठला. पोटापाशी अडला. दात आवळून त्याने तो छातीपर्यंत नेला, मग खांद्यापर्यंत. आत वळलेल्या बोटांतलं एक हळूहळू सरळ झालं आणि वर फिरू लागलं. उचल. काढ ती. पुन्हा ठेव.

"दुखत असेल," वहिनी दारातून म्हणाली. "खाली घ्या आता."

त्याने तिकडे पाहिलं नाही. वरचीने उचलण्याचं बटण दाबलं. तिने घाई केली नाही. गोदीत करत नसे तशीच. तुळई खांबावरून सुटली आणि डुलत वर निघाली. तिचं एक टोक अजून खांबाला घासत होतं, आणि ते मोकळं होईपर्यंत खालच्याचा हात खाली येणार नव्हता.