पंच कुठंय?

गुन्हेगाराला पकडणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण टीव्हीवर पकडलेल्या गुन्हेगाराला दर रविवारी निर्दोष सोडवणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला, तो म्हणजे आमचे घरमालक शिंपीकाका. शहागडच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका गावात मी शाळेवर होतो आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. माझ्याकडे टीव्ही नव्हता. तेव्हा रविवारी दुपारी काकूंच्या हातचं जेवायचं आणि खाली बैठकीतच गुन्ह्यांची मालिका बघायची, असा नेम पडला होता. बघायची म्हणजे, काका बघू देतील तेवढी.

काकांचं दुकान पोलीस चौकीच्या बरोबर समोर होतं, हे त्याचं मूळ. कुठे चोरी झाली, कुणी विहिरीत सापडलं, की जमादार रस्त्यापलीकडून हाक मारायचे, "चला, पंच म्हणून!" पंचनाम्याला दोन पंच लागतात. दुसरा कोणीही मिळायचा, पहिले काका ठरलेले. कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून बाकीचे लोक मागच्या दाराने पसार होत. काका गळ्यात टेप तसाच ठेवून सगळ्यांच्या पुढे निघत. एकदा चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली, तिच्या पंचनाम्यात सीट 'काळं' असं लिहिलं होतं. काकांनी गाडी उन्हात काढायला लावली, कापड दोन बोटांनी चोळून पाहिलं आणि म्हणाले, "जमादार, हे काळं न्हाई, गर्द निळं हाय. मी सही करणार न्हाई." तासभर अडून बसले. कागद नव्याने लिहून झाला तेव्हाच सही मिळाली. "डोळ्यानं दिसलं तेवढंच सांगायचं, बिलकुल त्याच्या वर न्हाई," हे ते गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेतानाही सांगत, आणि ते ऐकून गिऱ्हाईक ओशाळत असे.

असा माणूस मालिकेसमोर बसवल्यावर काय व्हायचं? इन्स्पेक्टर झोकात बंगल्यात शिरायचा, सोफ्याखालची रक्ताळलेली सुरी रुमालाने उचलायचा, पार्श्वसंगीत टिपेला जायचं आणि त्याच्याही वर काका कडाडायचे, "पंच कुठंय? एकटाच घुसला अन एकट्यानंच सुरी उचलली! ना लाखेचं सील, ना कुणाची सही. कोर्टात पाच मिनिटात सुटतो आरोपी!" इकडे आरोपी ढसाढसा रडत गुन्हा कबूल करत असे आणि काका मनाने त्याला केव्हाच घरी पोचवून आलेले असत. पण माणूस एकांगी नव्हता, जमेची बाजूही ते तितक्याच गांभीर्याने सांगत. "मुडदा चांगला पडला आज. पापणी हलली न्हाई त्याची. मेहनती माणूस हाय." एकदा जाहिरातीच्या आधी खुनी माणसाच्या शर्टाला चार बटणं होती आणि जाहिरातीनंतर पाच झाली. काकांनी हे मनाला इतकं लावून घेतलं की त्या आठवड्यात एका नवरदेवाच्या सफारीला त्यांनी स्वतःच चार काजं केली आणि पाच बटणं लावली.

काकूंचं बघणं निराळं. खून कोणी केला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, मागे रडतंय कोण एवढंच त्या बघत. "अहो, गप बसा जरा! त्या माऊलीचं पोरगं गेलं अन तुम्हाला पंच सुचू राह्यले?" असा दम त्या द्यायच्या, काका गप्प बसायचे आणि नेमकं खुन्याचं नाव कळायच्या वेळी हायवेवरून उसाचा ट्रक जायचा. वर्षभराच्या मालिकेत निम्मे खुनी आम्हाला कळलेच नाहीत.

मग काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. जालना झालं, संभाजीनगर झालं. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. रविवारी जेवणं झाली की त्या आतल्या खोलीत जाऊन बसू लागल्या. "मला काय दिसायचं हाय? तुम्ही बघा." काका बघायचे, पण तोंडातून शब्द नाही. इन्स्पेक्टरने वाटेल त्याला पकडावं, काकांची हरकत नव्हती.

मग एका रविवारी काकांनी काकूंना हाताला धरून बैठकीत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि मालिका सुरू होताच पंचनाम्याच्या सुरात सांगायला लागले, "खोली अंदाजे बारा बाय पंधरा. पूर्वेला खिडकी, पडदा मोरपंखी, कडेची शिलाई उसवलेली. मधोमध बाई बसलेली, वय पन्नासच्या आसपास."

"साडी कसली हाय तिची?"

"सुती. बारीक नारळी काठ. रडू राह्यली, पण डोळे पुसू न्हाई राह्यली."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळाने, किती महिन्यांनी कोण जाणे, त्यांच्या आवाजात जुनी थट्टा आली. "मंग? पंच आले का आज?"

पडद्यावर इन्स्पेक्टर एकटाच सुरी उचलत होता. काकांनी तोंड उघडलं. आता कडाडणार म्हणून मी सावरून बसलो. त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आले ना," ते म्हणाले. "दोघं आले. एक तर शिंपीच दिसू राह्यला, गळ्यात टेप हाय."

"काहीतरीच! सर, खरं का हो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. निळ्याला काळं न म्हणणारा तो माणूस डोळ्यांनी माझी विनवणी करत होता.

"खरंय काकू," मी म्हणालो. "दोघं आहेत."

"मंग न्हाई सुटत आता आरोपी," म्हणत काकू मनापासून हसल्या.

माझी बदली मंठ्याला झाली, त्यालाही बरेच दिवस झाले. रविवारी दुपारी फोन करतो तेव्हा मागे मालिका चालू असते. "काय काका, आले का पंच?" मी विचारतो.

"एकच आलाय, सर," काका आवाज खाली आणून म्हणतात. "दुसरा मंठ्याला हाय, त्याची वाट बघू राह्यलो."