खोकल्यासाठी घेतलेलं मशीन

मला हळद कळते. हळदीपलीकडचं फारसं काही कळत नाही, पण हे लक्षात यायला पन्नाशी उलटावी लागली. सांगलीच्या बाजारात माझी हळदीची अडत आहे. पोत्यातलं एक हळकुंड उचलायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा, नाकाशी न्यायचं आणि माल कुठला, वाळलाय कितपत, शिजवताना शेतकऱ्यानं घाई केली का, ते सांगून टाकायचं. यात मी सहसा चुकत नाही. आणि एका गोष्टीत न चुकणाऱ्या माणसाला आपण कशातच चुकत नाही असं वाटायला लागतं. घरातला फ्रीज, गावचा डॉक्टर, मुलीचं सासर, सगळं मी हळकुंड मोडल्याच्या थाटात निवडलं. पैकी मुलीचं सासर तेवढं चांगलं निघालं, आणि ते बायकोनं शोधलं होतं.

या बायकोला काही वर्षांपासून खोकला लागला. थंडी सरता सरता सुरू व्हायचा, उन्हाळाभर छळायचा आणि पाऊस लागला की आपोआप कमी व्हायचा. मी त्याचा दोष हवेला दिला, मग पंख्याला, मग रस्त्याच्या खोदकामाला. यंदा मात्र तिला जिना चढताना धाप लागली. डॉक्टर म्हणाले, "दम्याची सुरुवात आहे. घरातली धूळ कमी करा. नाहीतर हिला कायमचा पंप ओढावा लागेल."

ती हवापालटाला म्हणून साताऱ्याला बहिणीकडे गेली आणि तिचा खोकला जो थांबला तो थांबलाच. हे मला साडूनं फोन करून सांगितलं. आमचा साडू फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला. माझ्याशी त्याची प्रेमाची चढाओढ लग्नापासूनची आहे.

"खोकला? कुठला खोकला?" तो म्हणाला. "हितं आल्यापास्नं एकदा बी न्हाई. आमच्याकडं धूळ नसतीच गड्या. धूळ ओढायचं मशीन हाय ना! रोज सकाळी फुल सफाई. तुमी बी घ्या की एक. का हळदवाल्यास्नी झेपत न्हाई?"

मग बायको फोनवर आली. "हितं बरं वाटतंय मला," ती हळूच म्हणाली. "ताई म्हणतीया, उन्हाळा हितंच काढ. पुढल्या साली बी येत जा."

मी "बरं बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. मग पुढल्या साली, त्याच्या पुढल्या साली, असं मनात मोजत बसलो. आमचा संसार आता दोन माणसांचा. त्यातलं एक माणूस अर्धं वर्ष साताऱ्यात राहणार आणि ते बरोबरही असणार, कारण माझ्या घरात त्याला श्वास घेता येत नाही. मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मी खरेदीला जातो.

दुकानातल्या मुलीनं ओळीनं मशिनं दाखवली. एक उभं काठीसारखं, एक आपलंआपण घरभर फिरणारं तव्याएवढं चपटं, एक पिशवीचं, एक भलंमोठं पिंपाचं, ओलं-सुकं सगळं ओढणारं. मी प्रत्येक मशीन उचलून पाहिलं. वजनदार माल तो चांगला माल, हा बाजारातला हिशोब. मग चालू करायला लावून आवाज ऐकला. पिंपवाल्याचा आवाज असा की शेजारच्या मिक्सरवाल्या गिऱ्हाइकानं कान झाकले. नळीच्या तोंडावर तळहात धरला तर हात चिकटून बसला, सुटेना. मी खूश झालो.

"काका," ती मुलगी म्हणाली, "नुसती ओढ बघू नका. ओढलेली हवा मागून बाहेर पडते, ती गाळणारा फिल्टर बघा. तुमच्या घरात धूळ कसली आहे? माती, केस, की बारीक पूड? पूड असेल तर हे पिशवीचं घ्या. पिंपातून ती मागच्या बाजूनं परत घरात येईल."

मी जरा ताठ झालो. आमच्या घराबद्दल असं विचारावं कुणी? "पूड वगैरे काही नाही आमच्याकडे," मी म्हणालो. "साधी चारचौघांच्या घरात असते ती धूळ." आणि पिंप घेऊन आलो.

बायकोला फोन करून सांगितलं की ये, सगळा बंदोबस्त झालाय. पी हळद आणि हो गोरी, असा माझा उत्साह होता. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आली. आली तीच मुळी हसत. चेहरा भरला होता, आवाज मोकळा झाला होता. आल्या आल्या तिनं कढीपत्त्याला पाणी घातलं आणि मला आमच्या घरात घर आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मी बाजारातून परतलो. हंगाम भरात होता, दिवसभर पोती हलत होती. सदरा, टोपी, भुवया, सगळं पिवळं. नेहमीप्रमाणे मधल्या खोलीत आलो आणि सदरा काढून झटकला. आमच्या घराचा हा जुना नियम आहे. बाजारातून आलेल्यानं अंगावरची हळद उंबऱ्याबाहेर झटकायची नाही. वडील म्हणायचे, ती लक्ष्मी आहे, दारापर्यंत आलेली लक्ष्मी बाहेर कोण झटकतं? वडील झटकायचे, आजोबा झटकायचे. मीही टोपी गुडघ्यावर दोनदा आपटली आणि बायकोला म्हणालो, "बस आता खुर्चीत. बघ गंमत."

मशीन सुरू केलं. खाटेखाली, कपाटामागे, जाजमावर, सगळीकडे नळी फिरवली. अंगात सुभेदार संचारला होता. पिंप माझ्या मागे गरगरत येत होतं आणि मी मधूनमधून ओरडून विचारत होतो, "बघितलीस ओढ?" ती काही बोलत नव्हती. मला वाटलं, थक्क झाली. वळून बघितलं तर तोंडाला पदर लावून ती दोन्ही हातांनी दाराचा आधार घेत बाहेर ओसरीवर चालली होती.

मी मशीन बंद केलं. आता तिचा खोकला ऐकू आला. साताऱ्यात महिनाभर गप्प बसलेला तो खोकला व्याजासकट वसूल होत होता. मी पाणी नेलं, पाठ चोळली. थोडी शांत झाल्यावर मला काय सुचावं? मी पिंप उचलून ओसरीवर आणलं. मशीन वाईट नाही, घरातली धूळ त्यानं ओढलीय, हे मला सिद्ध करायचं होतं. हा सूर्य हा जयद्रथ म्हणून मी झाकण उघडलं.

आत वर वर थोडी करडी धूळ होती, केसांचे गुंते होते. त्याखाली सगळं पिवळं होतं.

आता कुठलीही पिवळी पूड समोर आली की माझा हात गप्प बसत नाही. मी चिमूट उचलली, अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली. आणि सवयीनं, बाजारात म्हणतो तशा खणखणीत आवाजात म्हणालो, "राजापुरी. यंदाची. आपल्याच गाळ्यावरची."

म्हणून झालं आणि मग मला कळलं मी काय म्हणालो ते. साताऱ्यात मशीन होतं म्हणून ती बरी नव्हती. साताऱ्यात मी नव्हतो, म्हणून बरी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं तर कळसाच पिवळा होऊन रोज संध्याकाळी घरी येत होता.

बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "लगीन होऊन आले तवा सासूबाईंनी पैल्यांदा हेच सांगितलं, ह्या घरात हळद भाईर झटकत न्हाईत. तुमच्या घरची लक्ष्मी भाईर काढा, असं मी परक्या घरची येऊन सांगू व्हय?"

परक्या घरची. तीस वर्षं होऊन गेली होती. माप ओलांडून ती आत आली तेव्हा तिलाही सगळे लक्ष्मीच म्हणाले होते. ती लक्ष्मी धापा टाकत ओसरीवर बसली होती आणि दुसरी मी आत जाजमावर पसरून ठेवली होती. मला तिच्याकडे बघवेना. मी झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा लावलं.

पिंप आता गोदामात आहे. तिथं त्याची ओढ हमालांना आवडते. दुकानात जाऊन मी पिशवीचं मशीन आणलं. त्या मुलीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी मी खाली बघून "हळद" एवढंच म्हणालो. साडूला कळवलं तर तो म्हणाला, "म्हंजे धूळ तुमीच व्हय! लय भारी!" हे तो मरेपर्यंत विसरणार नाही.

आता मी बाजारातून आलो की ओसरीवर थांबतो. बायको तोंडाला रुमाल बांधून मशीन बाहेर आणते आणि मला साफ करते. टोपी, खांदे, पाठ, सदऱ्याचे खिसे. हात वर करा म्हणते, मी करतो. गिरकी घ्या म्हणते, घेतो. समोरच्या बंगल्यातली माणसं पहिले काही दिवस गॅलरीत येऊन बघायची. पिशवी भरली की ती फाटकाच्या आत कढीपत्त्याच्या बुडाशी रिकामी होते, म्हणजे वडिलांची लक्ष्मी आवाराबाहेर जात नाही. ही तोड तिचीच.

या वर्षी पुन्हा हंगाम सुरू झाला. साताऱ्याहून बायकोला बहिणीचा फोन आला, कधी येतेस म्हणून. ती म्हणाली, "बघते." मी बाहेर ओसरीवर हात वर करून उभा होतो, सगळं ऐकत होतो. तिनं फोन ठेवला, माझी टोपी उलटी करून नळी आतून फिरवली, कानामागे राहिलेलं पिवळं बोटानं पुसलं आणि दारातून बाजूला झाली.

"हं," ती म्हणाली, "या आता घरात."