अंजूरच्या गोडाऊनचा बोलका भोंगा

आकड्याचा मजकूर करणं, म्हणजे संख्या अक्षरांसारखी साठवणं, हे प्रोग्रामिंगमधलं सगळ्यात क्षुल्लक काम. एक ओळ लिहिली की झालं. अंजूरच्या गोडाऊनवर ती एक ओळ लिहायला मला अख्खा महिना लागला. किस्से मात्र रोज साचत गेले.

जर्मनीत शिकून मी भिवंडीला परतलो तो एकच हट्ट घेऊन: इथलं यंत्र इथल्या भाषेत बोललं पाहिजे. गोडाऊनचे मालक दादा म्हणाले, "महिनाअखेर बघतो. गाड्या हलल्या तर तुझा भोंगा, न्हायतर पुण्याचं तयार इंग्रजी मशीन." काम एवढंच, की पाळी आलेल्या ट्रकचा नंबर पुकारायचा. आजवर ऑफिसातल्या सुगंधाताई तो माइकवरून पुकारत.

*

पहिल्या दिवशी भोंगा म्हणाला, "गाडी एकवीस." कोणी हललं नाही. ट्रकचा नंबर होता ००२१. आकडा म्हणून साठवला की सुरुवातीची शून्यं गळतात. ड्रायव्हरला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "हमारी डबल झीरो इक्कीस है, भैया. इक्कीस कोई और होगा."

*

शून्यं परत आणली. मग भोंगा म्हणाला, "गाडी चार हजार पाचशे छत्तीस." ट्रकवाल्यांच्या जगात ही गाडी 'पंचेचाळीस छत्तीस' असते.

दादांनी विचारलं, "गाडी बोलावतोस का जमिनीचा भाव सांगतोस?"

*

किती तास थांबायचं तेही भोंगा सांगायचा. अपूर्णांकांच्या बेरजेत कॉम्प्युटर दशांशाच्या शेपटीला बारीक कचरा ठेवतो. माझ्या कोडने तोही वाचला: "शून्य पूर्णांक तीन शून्य शून्य शून्य शून्य..."

सुगंधाताई म्हणाल्या, "याची शून्यं सरंपर्यंत गाडी भरून व्हईल."

*

शेवटी नंबर मजकूर म्हणूनच ठेवला, दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडल्या आणि सुगंधाताईंच्या आवाजात रेकॉर्ड करून भरल्या. तरी कोणी उठेना.

"पयल्या हाकेला कोन उठतो?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा मी वरडते, तवा उठतात."

त्यांचं ओरडणंही भरून घेतलं आणि दुसऱ्या हाकेला जोडलं. उत्तर प्रदेशचे ड्रायव्हरसुद्धा मराठीवर उठू लागले.

*

महिनाअखेर दादा केबिनमध्ये येऊन बसले. शेजारी सुगंधाताई भजी खात होत्या. दादांची जीप माल भरायच्या जागेसमोरच उभी होती, आणि गेटवरच्या नव्या वॉचमनने तिचाही नंबर इमानदारीत सिस्टीममध्ये टाकला होता.

"नव्वद पंधरा," भोंगा म्हणाला.

"आवाज साफ हाय," दादा म्हणाले आणि बसून राहिले.

"नव्वद पंधरा. ऐकू येत न्हाय का रे? उठतोस का येऊ तिथं?" भोंगा सुगंधाताईंच्या आवाजात ओरडला.

सुगंधाताईंचं भजं हातातच राहिलं. मला पुण्याचं मशीन दारात उभं दिसू लागलं.

दादांनी चावी उचलली, वर भोंग्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आलो, आलो."