वर्षाला काय काय येतं

समितीच्या बाई चौकशीसाठी कुबडी टेकत दोन जिने चढून आल्या, तेव्हा वर्षा भर दुपारी पैठणी नेसून सोफ्यावर बसली होती. मान खाली. एरवी ही मुलगी मी चप्पल काढायच्या आत "काका, चहा?" विचारते.

वर्षा अठ्ठावीस वर्षांची, बौद्धिक अपंगत्व असलेली. आई नाही. वडील वसंतशेठ, मार्केट यार्डात लसणाचा गाळा. मी त्यांचा सीए. शेठची बायपास ठरली होती.

पुष्कळांना वाटतं, बाप आहे म्हणजे तो जन्मभर पालक. तसं नाही. अठरा पूर्ण झाली की मुलगी कायद्याने सज्ञान. तिच्या वतीने सही करायची तर पालक नेमून घ्यावा लागतो. वर्षासारख्यांसाठी ते काम जिल्ह्याची समिती करते. आम्ही तिच्या आत्याचं, शोभाताईंचं नाव दिलं होतं. ऑपरेशनच्या आधी ऑर्डर हवी होती.

पालक कशापुरता हवा, तेही अर्जात सांगावं लागतं. मी बँक आणि दवाखाना लिहिलं होतं. शेठनी हट्टाने 'सर्व बाबतींत' करायला लावलं.

"साहेब, दुप्पट सांगावं, तेव्हा कुठे बरोबर भावाला सौदा होतो."

तोच भाव त्यांनी बाईंनाही सांगितला. "हिला काही म्हणजे काही येत नाही हो."

बाई वर्षाकडे वळल्या. "दिवसभर काय करता आपण?"

वर्षाने आधी शेठकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "अण्णांनी बोलायचं नाही सांगितलंय."

शेठ छताकडे बघू लागले.

"अण्णांची परवानगी मी काढते. बोला."

"गाळ्यावर लसूण निवडते. अण्णा खराब पण चांगल्यात टाकतात."

"वर्षे!" शेठ ओरडले. बाई मनापासून हसल्या.

"अण्णा दवाखान्यात गेले की कुणाकडे राहाल?"

"आत्याकडे. पण ती गाळ्यावर जाऊ देणार नाही."

"अगं, रस्ता केवढा वाहता आहे," शोभाताई म्हणाल्या.

"मग मला सोडायला ये."

बाई शेठना शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यासाठी पालक नेमला, तर उद्या हिने घराबाहेर पडायचं की नाही, हेही दुसरंच कुणी ठरवेल. चालेल तुम्हाला?"

शेठनी डोळे पुसले. "नाही चालणार. साहेबांनी आधी लिहिलं होतं तेच ठेवा."

ऑर्डर वेळेत आली. बँक आणि औषधोपचार एवढ्यापुरत्या शोभाताई पालक. कामाला जाणं-येणं वर्षाच्या मर्जीने. शेठ ऑपरेशनला निर्धास्त गेले आणि धडधाकट परत आले. मधल्या काळात शोभाताई रोज रिक्षाने वर्षाला यार्डात सोडत होत्या.

त्या बाईंना या कामाचं फारसं काही मिळत नसावं. दोन जिने चढून त्या आल्या नसत्या, तर कागदावर आम्ही रोज कामावर जाणाऱ्या मुलीला निकामी ठरवून मोकळे झालो असतो. त्यांचे आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, "पुढच्या वेळी पैठणी नको. मुलीला उकडत होतं."

असा अर्ज करायला कोणी आलं, की मी आता आधी खुर्ची त्या मुलाला किंवा मुलीला देतो. आईवडील उभे राहिले तरी चालतं.