ओळ उचलणारं कोणी हवं

पती गेल्यावर मी प्रार्थना सोडली नाही, पण ती कोणी ऐकतं यावरचा विश्वास माझ्या नकळत झिजत गेला. आम्ही गोव्यात पेडण्याला राहतो. आमची एकुलती मुलगी दहा वर्षांची आहे. ती शाळेत जात नाही, घरीच शिकते. निर्णय आम्हा दोघांचा होता, तरी शिकवायचे ते. तरुणपणी पाद्री होण्यासाठी त्यांनी काही वर्षं सेमिनरीत काढली होती. ते शिक्षण अर्धवट राहिलं, पण लॅटिन त्यांच्यापाशी राहिलं, आणि जुन्या पद्धतीच्या शिक्षणावरची श्रद्धाही: लहानपणी भरपूर पाठांतर, मग तर्क, मग स्वतःचं म्हणणं नीट मांडणं, आणि या सगळ्याच्या मुळाशी देवाचं भय. सकाळी न्याहारी झाली की ते मेजाशी बसत आणि एक ओळ म्हणत. पुढची मुलगी म्हणे. सावंतवाडीच्या मराठी शाळेत शिकलेल्या मला त्यातलं काही कळत नसे, पण ते दोन आवाज कानावर असले की हातातलं काम हलकं होई.

साध्या वाटलेल्या तापात ते चार दिवसांत गेले. महिना उलटल्यावर मी त्यांचं वेळापत्रक पुन्हा सुरू केलं. त्यांच्या अक्षरातलं ते, कपाटाच्या दाराला चिकटवलेलं. एकही धडा सुटू द्यायचा नाही असं मी ठरवलं, जणू धडा सुटला तर तेही हातून सुटतील. लॅटिन मला येत नव्हतं. म्हणून मी पुस्तक धरून मुलीसमोर बसायची आणि ती म्हणेल ते अक्षराला अक्षर ताडून बघायची. आठवडाभरात राहील ते रविवारी, चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, झाल्यावर. खरं तर रविवारी आमच्या घरात अभ्यासाचं पुस्तक उघडायचं नाही हा त्यांचाच नियम. तो मी त्यांच्याच नावाने मोडला.

मुलगी आधी अडखळू लागली, मग पुटपुटू लागली, आणि एके दिवशी गप्पच झाली. एरवी बोलायची, भूक लागली सांगायची, मांजराशी भांडायची. पाठ म्हणायला सांगितला की मात्र ओठ मिटायचे. मी समजावलं, रागावले, एकदा पुस्तक आपटलंही. शेवटी गावातल्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना भेटले. सोमवारी मुलीला घेऊन या, असं त्या मायेने म्हणाल्या. शाळा चांगली होती, दुःख शाळेचं नव्हतं. पतीने मागे ठेवलेलं एकच काम माझ्या हातून निसटत होतं, त्याचं होतं. मग मी देवालाच अट घातली: रविवारी संध्याकाळपर्यंत तिने एक तरी पाठ म्हणावा, नाहीतर ही वाट तू बंद केलीस असं मी समजेन.

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघी बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, समोरासमोर बसलो होतो. पुस्तक माझ्या हातात, मुलगी गप्प. समोरच्या रस्त्यावर म्हापशाची बस थांबते. रविवारी ती कधी येईल याचा नेम नसतो. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ उन्हात उभे होते. ते फाटकाशी आले.

"बाय, वायच पाणी गावात?"

पाणी पिऊन ते तिथेच सावलीला टेकले. खांद्यावरच्या पिशवीतून टाळांची जोडी डोकावत होती. कुठल्याशा देवळातलं भजन आटोपून निघाले असावेत. मी पुन्हा मुलीकडे वळले. "म्हण." तिने मान खाली घातली. "निदान पहिला शब्द तरी!" मी रडकुंडीला आले होते. म्हातारे खाकरले.

"चेडवाक एकट्याच म्हणूक लावतंस?"

मी जरा तुटकपणे म्हटलं, "बाबा, हे लॅटिन आहे. मला येत नाही."

"तुका येना, मग तपासतंस कशी गे?"

"पुस्तकात बघून."

ते हसले. "बरा हा! पुस्तकात बघून चुको काढूक माकाय येतत." मग मुलीकडे बघत, पण मला म्हणाले, "आमच्या भजनात बुवा ओळ म्हणता, मागचे उचलतत. मागे कोण नसलो तर बुवाय गप जाता. ह्या तर चेडू."

"पण मी कशी उचलणार? अर्थसुद्धा कळत नाही मला."

"माका तरी सगळो अर्थ खंय कळता? चाळीस वर्सां उचलतंय." इतक्यात बस आली आणि ते लगबगीने गेले. नाव विचारायचं राहून गेलं. पुढे कोणाकडे चौकशी केली तर लोक म्हणाले, पेडण्यात भजनी माणसं घरोघर आहेत, तू कोणाचं विचारतेस?

मी पुस्तक मिटलं. वडील गेल्यापासून त्या मुलीच्या ओळीला कोणी ओळ दिली नव्हती. समोर बसली होती ती फक्त परीक्षा. मी तिला म्हटलं, "आज रविवार आहे. चल, पडू या." कित्येक महिन्यांनी मी दुपारी झोपले. ती माझ्या पाठीला पाठ लावून झोपली. संध्याकाळ झाली, तिने पाठ म्हटला नव्हता. माझ्या अटीप्रमाणे उत्तर स्पष्ट होतं. पण ती अटच मला आता उद्धट वाटू लागली. मी एवढंच म्हटलं: प्रभू, घर तुझं, शाळाही तुझी. तू नेशील तिकडे मी येते. त्या दिवशी पहिल्यांदा मी काही मागितलं नाही.

सोमवारी शाळेत जायच्या आधी मी एकटीच मेजाशी बसले आणि पहिलं पान उघडून त्यातली शब्दाची रूपं मोठ्याने वाचू लागले. "मेन्सा, मेन्से, मेन्साम..."

दारातून आवाज आला, "आई, मेन्से दोनदा!"

मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकले. ती वेणी अर्धवट सोडून आली. "असं नाही गं. मी म्हणते, तू माझ्यामागून म्हण. आणि पुटपुटू नकोस, पप्पांना चालायचं नाही." ती म्हणाली, मी उचललं. सहाव्या शब्दापर्यंत आम्ही दोघी रडत होतो आणि ती रडतारडता माझ्या उच्चारांना हसत होती. शाळेत मी एकटी गेले. मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दार उघडं आहे, कधीही या."

मी हा चमत्कार म्हणत नाही. बस उशिरा आली, एका माणसाला तहान लागली, एवढंच घडलं. पण घरी शिकवणारे जे आईबाप आज थकून बसले असतील, त्यांना सांगावंसं वाटतं: सगळं येत असल्याशिवाय मुलासमोर बसता येत नाही, हे खरं नाही. त्याच्या शेजारी बसता येतं. आणि राहिलेला धडा रविवारी राहू द्यावा. देव त्याने अडत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या पानाशी पोचलो जिथे पतीच्या पेन्सिलीच्या खुणा संपतात. पुढचं त्यांनी तिला शिकवलेलंच नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आता कोण आधी म्हणणार?" मला माहीत नव्हतं, तसं मी तिला सांगितलं. आम्ही क्रुसाची खूण केली आणि पान उलटलं.