ढिलं स्टिअरिंग आणि यांचा डावा हात

यांच्या हातातून चहाचा कप सुटला तेव्हा मला वाटलं, झोप नीट झाली नसेल. मग ओठही एका बाजूला ओढलेला दिसला. मी गल्लीतली एक रिक्षा थांबवली आणि यांना अंगावरच्या कपड्यांनिशी दवाखान्यात नेलं. डाव्या बाजूला लकव्याचा लहानसा झटका होता. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

पुढचे कितीतरी महिने हे डिंडोलीच्या आमच्या घरात बसून रबरी चेंडू दाबत राहिले. दारापुढच्या मोकळ्या जागेतून ट्रक रोज निघायचा, पण चालवायला पगारी ड्रायव्हर असायचा. गोडादऱ्यातल्या कापड विणणाऱ्या लूमवरून कोऱ्या कापडाचे ताके उचलायचे आणि रंगाईच्या मिलमध्ये पोचवायचे, हे काम यांनी आमच्या लग्नाआधीपासून केलेलं. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात जाताना बघवत नसे, म्हणून सकाळी त्या वेळेला हे मागच्या खोलीत जाऊन बसायचे.

शेवटी डॉक्टरांनी हाताची पकड पाहिली, चार पावलं चालायला लावलं, डोळे तपासून घेतले आणि गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलं. ड्रायव्हर दुसरीकडे कामाला लागला. आता घर पूर्वीसारखं होईल, अशी माझी समजूत.

झालं उलटंच. पहिल्या दिवशी हे घरी आले ते खांदा चोळतच. खांदा भरून आलाय, एवढंच म्हणाले. मग लांबच्या फेऱ्या नाकारायला लागले. कधी ऊन फार आहे, कधी गाडी तापते. जेवताना डावा हात मांडीवर असा पालथा ठेवायचे की जणू तो कुणाला दिसायलाच नको. विचारलं की चिडायचे, म्हणून मी विचारणं सोडलं. एका संध्याकाळी पाहिलं तर हे ओट्यावर पाठमोरे बसून पुन्हा तो चेंडू दाबत होते.

मी घरी साड्यांना लेस लावते. एका रविवारी तयार साड्यांचं मोठं गाठोडं पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्याकडे पोचवायचं होतं. मी म्हटलं, ट्रकनेच सोडा मला. यांना ते नको होतं, पण गाठोडं रिक्षात मावण्यासारखं नव्हतं.

ट्रक रिकामा होता, रस्ता सरळ होता, रविवार म्हणून गर्दीही कमी. तरी यांचे हात एक क्षण स्थिर नव्हते. गाडी थोडी डावीकडे जायची, हे उजवीकडे वळवायचे, मग ती उजवीकडे जास्तच झुकायची की हे पुन्हा डावीकडे. एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला आणि मागे वळून बघत राहिला. यांनी ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि समोरच्या काचेकडे बघत बसले. कपाळावर घाम होता.

मग बोलले ते घरातल्या बोलीतच. "मना हातच गया आसं वाटस माले. गाडी आयकतच नही."

इतके दिवस मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं. डॉक्टरांना सांगितलं तर गाडी कायमची सुटेल, ही भीती. आणि न सांगता चालवलं तर कुणाच्या तरी अंगावर जाईल, ही त्याहून मोठी.

मी यांच्या हातावर हात ठेवायला म्हणून पुढे वाकले, तर हात स्टिअरिंगवर पडला आणि ते सहज फिरलं. मी परत फिरवलं. डावीकडे वीतभर, उजवीकडे वीतभर, मध्ये कसलाच जोर लागत नव्हता. मला गाडीतलं काही कळत नाही, पण एवढं मोठं चाक इतकं हलकं फिरतंय हे मला पटेना. मी यांना खाली उतरून पुढच्या टायरकडे बघायला सांगितलं, यांच्या जागेवर सरकले आणि पुन्हा फिरवलं.

"टायर फिरतंय का?" मी वरून विचारलं.

मी खिडकीतून डोकावले. हे टायरवर हात ठेवून वाकलेले होते. मग म्हणाले, "आनखी एकदाव फिराव."

मी फिरवलं. टायर जागेवरच.

"तुमना हात बरा शे," मी म्हटलं. "मना हातमा बी आसंच व्हस."

हे तिथेच फुटपाथच्या कडेवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी खाली उतरून शेजारी बसले. गाठोडं मग सोडून, त्याची दोन लहान गाठोडी करून मीच दोन खेपांत रिक्षाने नेलं, आणि ट्रक यांनी आतल्या रस्त्यांनी अगदी चालत्या माणसाच्या वेगाने घरी आणला.

गॅरेजात नेऊ या, असं मी म्हणत होते. पण यांना दोष आपल्या डोळ्यांनी बघायचा होता. पूर्वी गाडीची बरीचशी कामं हे घरीच करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकांना मागून-पुढून दगड लावले, पोतं अंथरलं आणि हे पुढच्या ॲक्सलखाली शिरले. मी वर बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत राहिले. खाली हे एकेक जोड हाताने चाचपत होते. तेही मुद्दाम डाव्या हाताने, असं यांनी मला नंतर सांगितलं.

दोष दोन निघाले. स्टिअरिंगचा बॉक्स चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारे बोल्ट सैल झाले होते, त्यामुळे बॉक्स स्वतःच हलत होता. आणि स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाचा बॉल जॉइंट पार झिजला होता. दांडा हलायचा, चाकाला पत्ताच नाही.

बोल्ट यांनी तिथेच आवळले. जॉइंट मात्र सहजासहजी निघेना. पिन काढली, नट सैल केला, तरी तो गंजून बसलेला. मग एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोकलं, आणि खाडकन सुटला. तो दांड्याच्या आट्यांवर कुठपर्यंत बसला होता त्याची खडूने खूण केली, तो फिरवून काढला, जुना तुकडा पिशवीत घालून दुकानातून तसाच नवा आणला, खुणेपर्यंत फिरवला, नट घट्ट करून नवी पिन घातली. पाना उजव्या हाताने ओढताना दांडा डाव्या हाताने धरला होता. मी बघत होते. दांडा जागचा हलला नाही.

नंतर यांनी जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. तो सहज म्हणाला, हो काका, ढिलं होतं खरं, पण हळूहळू होत गेलं, सवय झाली, सांगायचं राहून गेलं. हे त्याच्यावर रागावले नाहीत. उलट हसले, आणि फोन ठेवल्यावर तेच वाक्य मला दोनदा ऐकवलं.

दुपारी आम्ही गोडादऱ्यापर्यंत जाऊन आलो. जाताना हे सारखे आरशात आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होते. परत येताना बोलायला लागले. महिन्यांचं साठलेलं सगळं, मिलच्या वॉचमनचं, माझ्या माहेरच्यांचं, टायर कधी बदलायचे त्याचं. चाकांची अलाइनमेंट उद्या बघून घेतो म्हणाले. मी हो हो करत होते, आणि मध्येच कधीतरी मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ट्रक दारापुढे उभा होता, आणि हे मला न उठवता शेजारी बसून राहिले होते.