भुंगेबाई आणि वरचं कुरण

पगारपत्रकावर तिचं नाव वेगळं होतं, पण संशोधन केंद्रात ते कुणाच्याच तोंडी नव्हतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला भुंगेबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एकदा फोन उचलताना तिच्याच तोंडून "हं, भुंगेबाई बोलतेय" असं निघून गेलं, तेव्हा तो विषयच संपला.

तिचं काम समजायला सोपं आणि करायला हाडं खिळखिळी करणारं होतं. डोंगरावर झाडं जिथे संपतात, त्याच्या वर कुरणं होती. वर्षाचा बराचसा काळ ती बर्फाखाली झाकलेली. उन्हाळ्याचे थोडे आठवडे काय ते मोकळे मिळायचे. तेवढ्यात तिथल्या फुलांनी फुलायचं आणि बीही धरायचं. तिथल्या थंडीत साध्या मधमाश्या पोळ्याबाहेर डोकावतही नाहीत. बाहेर पडतात ते जाडजूड, केसाळ भुंगे. अंग थरथरवून ते स्वतःला तापवून घेतात आणि मगच उडतात. भुंगे आले नाहीत तर फुलांना बी धरत नाही. खालची कुरणं तर वर्षागणिक तापत चालली होती. मग भुंगे जातात कुठे, हे शोधायचा तिने ध्यास घेतला होता. जाळीने भुंगा पकडायचा, काचेच्या नळीत घालून बर्फावर जरा सुस्त करायचा, पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचा. खालच्या कुरणाचा ठिपका पिवळा, वरच्याचा निळा. मग कुठला रंग कुठे उडताना दिसतो ते बघत दिवसभर पायपीट.

जाळ्या नवरा शिवून द्यायचा. तो शिंपी होता, राहत्या घराच्या खालीच दुकान. "बाकीच्यांच्या बायका कपडे शिवून मागतात, माझी जाळ्या मागते," असं गिऱ्हाइकांना सांगायचा आणि बारीक जाळीचं कापड दोन ठिकाणी ओढून बघितल्याशिवाय हातात द्यायचा नाही.

भुंग्यांनी तिला पूर्वीही डंख मारले होते. चुना लावल्यासारखं चरचरायचं, सुजायचं, उतरायचं. ती ते हिशेबातही धरत नसे. त्या दुपारी वरच्या कुरणात मनगटावर डंख बसला, तेव्हाही तिने फुंकर मारली आणि नळीचं बूच लावायला घेतलं. पण तळहात खाजायला लागले. ओठ जड झाले. घशात कुणीतरी बोळा कोंबावा तसा श्वास अडकायला लागला. जवळच खड्डा खणून मातीचे नमुने घेणारा एक सहकारी होता, त्याला सगळे मातीवाला म्हणत. तिने त्याला हाक मारली, ती हाक नव्हतीच, नुसती घरघर होती. त्याने मान वर केली आणि फावडं टाकून धावला. औषधाच्या पेटीत अशा वेळी मांडीत टोचायचं इंजेक्शन असायचं. त्याने ते आयुष्यात कधी वापरलं नव्हतं. पेटीच्या झाकणावरची चित्रं बघत बघत त्याने ते टोचलं, मग तिला पाठीवर घेतलं आणि धापा टाकत खाली आणलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"तुमच्या शरीराने या विषाशी वैर धरलंय. पुढचा डंख कदाचित शेवटचा ठरेल. एक तर भुंगे सोडा."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे तेच विष अगदी थेंबभर टोचत राहायचं. हळूहळू वाढवत न्यायचं, शरीराला सवय होईपर्यंत. सवय व्हायला वर्ष जातं, ती टिकवायला पुढेही काही वर्षं टोचावं लागतं, त्रास होतो आणि खात्री कुणी देत नाही."

"कधीपासून सुरू करायचं?"

"आधी घरी विचारून या."

"घरी सांगेन," ती म्हणाली. "विचारायचं काय त्यात?"

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "इतकी वर्षं तू भुंग्यांच्या मागे लागली होतीस," त्या म्हणाल्या, "आता ते तुझ्या मागे लागले. मिटवा म्हणावं आपसात." पण ताटातला हात थांबला होता आणि पुढे बराच वेळ हलला नाही. नवरा उठला. खाली दुकानात गेला, आणि त्या संध्याकाळी त्याने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. तसं त्याच्याकडून कधी झालं नव्हतं.

संचालक वाईट माणूस नव्हता. त्याने तिला समोर बसवून चहा मागवला. "नमुन्यांच्या खोलीत किती काम पडलंय, तुम्हालाच माहीत आहे. पेट्या लावा, जुने भुंगे ओळखून ठेवा. वरचं काम थांबलं तर थांबलं. माणसापेक्षा काम मोठं नसतं."

"सर, एक उन्हाळा मी खोलीत बसते," ती म्हणाली. "बरं होण्यासाठी बसते. काम सोडलं असं कुठे लिहू नका."

तो उन्हाळा तिला फार जड गेला. टाचणीला टोचलेले भुंगे ओळीने लावताना खिडकीतून डोंगर दिसायचा, म्हणून तिने टेबल फिरवून भिंतीकडे तोंड करून घेतलं. वर तिच्या जागी मातीवाला भुंगे मोजत होता. परत आला तो ओशाळून. "तुझे भुंगे वर उडतात आणि माझी मान खालीच वळते," तो म्हणाला. "जेवढे दिसले तेवढे धरलेत. निम्मे सुटले असतील." तिने त्याचे आभार मानले. निम्मं काम काहीच नसण्यापेक्षा बरं, असं तिने स्वतःलाच दोनदा समजावलं.

इंजेक्शनं मात्र एकही चुकली नाहीत. टोचून झालं की अर्धा तास तिथेच बसावं लागायचं, काही बिघडलं तर डॉक्टर हाताशी असावेत म्हणून. नवरा सोबत यायचा आणि बाकावर बसून मांडीवर कुणाच्या तरी कपड्याची तुरपाई करायचा. एकदा मात्रा वाढवली आणि अंगभर गांधी उठल्या, छाती आवळली. डॉक्टरीणबाई धावल्या. सगळं शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "इथे थांबलात तरी कुणी नावं ठेवणार नाही."

"मागच्या मात्रेवर परत जाता येईल?"

"येईल. पण सगळं लांबेल."

"लांबू दे," ती म्हणाली.

नवऱ्याने सुई कापडात खोचून ठेवली आणि तिचा हात धरला. रस्त्याने परतताना मात्र तो तडकलाच. "तुला मरायचंच असेल तर तसं सांग." ती थांबली. "मरायचं असतं तर हे सगळं कशाला टोचून घेतलं असतं हो?" घर येईपर्यंत त्याने तिचा हात काही सोडला नाही.

पुढच्या वसंतात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता खरा डंख घेऊन बघू, इथेच, सगळी तयारी ठेवून. फक्त भुंगा कुठून आणायचा ते त्यांना कळेना. ती हसली. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या बागेतून तिने स्वतःच एक पकडून नळीतून आणला, तोही निवडून, चांगला चिडका. खाटेवर पडून नळी दंडावर उपडी धरली. दोन परिचारिका श्वास रोखून बघत होत्या. डंख बसला. दंड सुजला, लाल झाला, ठणकला. घसा मोकळा राहिला. डॉक्टरीणबाई तिच्या नाडीवर बोट ठेवून बसल्या होत्या, त्या शेवटी उठल्या. "जा वर. पण इंजेक्शन खिशात, आणि ते टोचणारं माणूस सतत बरोबर. एकटीने एक पाऊल नाही."

आता माणूस आणायचं कुठून? मातीवाला त्या वर्षी दुसऱ्या डोंगरावर जाणार होता. केंद्राकडे मोकळं कुणी नव्हतं. जेवताना हे बोलणं चाललं होतं.

"मी जातो," नवरा म्हणाला.

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "गच्चीच्या कठड्याशी उभा राहत नाहीस तू."

"टोचायचंच आहे ना? माझा जन्म गेला सुया टोचण्यात."

दुकानाला कुलूप लावून तो निघाला. पहिल्या चढावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अरुंद वाटेवर तो डोंगराकडे तोंड करून खेकड्यासारखा आडवा चालायचा. ती पुढे जाऊन थांबायची, घाई करायची नाही. कुरणात पोचल्यावर मात्र त्याने एक खडक गाठला आणि त्यावरून तिच्यावरची नजर काढली नाही. तिने जाळी फिरवली की तो खिसा चाचपायचा.

खालच्या कुरणात भुंगे मोजकेच होते. ती पिवळे ठिपके देत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. मग पुढच्या काही दिवसांत दोघं वर सरकत गेले, अगदी कुरण संपून नुसते दगड सुरू होतात तिथवर. शिखर तिथून हाताच्या अंतरावर वाटत होतं. दगडांच्या फटीत उशीसारखी गोल, जमिनीला चिकटलेली झुडपं होती, आणि त्यांवर बारीक गुलाबी फुलं. त्या फुलांवर एक भुंगा बसला होता. त्याच्या पाठीवर पिवळा ठिपका होता.

ती गुडघ्यांवर बसली. "अहो, हा खालचा आहे," ती हळूच म्हणाली. "इतक्या वर आलाय."

"मग चांगलंच की. सापडले ना."

"याच्या वर आणखी डोंगर कुठे आहे? इथून पुढे हे कुठे जातील?"

त्याने वर पाहिलं. वर दगड आणि आभाळ, बाकी काही नव्हतं.

तिने जाळी टाकली. भुंगा नळीत घेताना हातमोज्याची शिवण जिथे उसवली होती तिथून त्याने डंख मारला. तिने नळीचं बूच लावलं आणि मगच सांगितलं. तो आला, इंजेक्शन हातात धरून समोर बसला. त्याचा हात बिलकूल हलत नव्हता. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. बोट सुजलं. तळहात खाजले नाहीत. तिने मोठा श्वास घेऊन दाखवला, मग आणखी एक.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. ती नळी द्या इकडे."

खाली आल्यावर ती सरळ संचालकाच्या खोलीत गेली. पुढच्या उन्हाळ्यापासून शिखराखालच्या दगडांतच तंबू लावायचा, असं तिचं म्हणणं होतं. संचालक म्हणाला, "तिथे प्यायला पाणी नाही."

"वाहून नेऊ."

"सगळा उन्हाळा?"

"सगळा उन्हाळा. ते तिथे टिकतात की नाही ते कुणीतरी बघायला हवं. आणि टिकत नसतील तर खालचं कुरण परत थंड कसं राहील, ओल कशी धरेल, हे शोधायला हवं. नुसतं मोजून मी थांबणार नाही."

संचालकाने तंबूची मागणी मान्य केली.

आता उन्हाळाभर शिखराखाली तंबू असतो, आणि इंजेक्शनं अजून चालू आहेत. मातीवालाही तिच्या कामात ओढला गेलाय. खालच्या कुरणात ओल धरून राहावी म्हणून दोघांनी मिळून दगडांचे बुटके बांध घातलेत आणि त्यांच्या आडोशाला फुलझाडं लावली आहेत. त्यातली काही जगली, बरीच मेली. मेलेल्यांच्या जागी नवी लावायचं काम चालू आहे.